जांबखोरे विभागाची मोठी प्रार्थना

अझैबा, मस्कत
१४ मार्च २०२५

प्रिय उत्तराआत्या,

सप्रेम सलाम. आम्ही तिघंही इथे ठीक आहोत. रविकांतचा तुला नमस्कार, तेजश्रीची पापी. हे पत्र प्रसादच वाचून दाखवणार, तेव्हा त्यालाही सलाम. प्रसाद, चुलत असलास तरी तू धाकटा भाऊ आहेस माझा, म्हणून सांगते, जेवढं लिहिलंय तेवढंच वाच. मागच्या पत्रात ‘आत्या, दुपारची झोपत जा’ हे वाक्य तू तुझ्या पदरचं घातलंस, ते तिने मला फोनवर सांगितलं. मी कशाला तिला झोपायला सांगू? ती झोपली की वाकोडीच्या घरात चहासुद्धा होत नाही, हे मला माहीत नाही का?

आत्या, दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का? तोवर प्रसादच्या तोंडून ऐकणं आलं. मोबाईलवर पाठवते म्हटलं तर तुझं आपलं एकच, ‘मोबाईलवरचं पोटात राहत नाई, कागद पाठव.’ हा घे कागद. रुवीतल्या कुरिअरवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बैलगाडीतून उतरून आले. ‘मॅडम, पत्र? हाताने लिहिलेलं?’ म्हणाला.

इथे रमजान चालू आहे. ऑफिसं लवकर सुटतात, त्यामुळे रविकांत दुपारपासून घरात असतो आणि दर थोड्या वेळाने फ्रिज उघडून त्यात बघत उभा राहतो. तेजश्रीने तुझं ‘काहून’ शाळेत नेलंय. तिची केरळची मैत्रीण आता बाईंना ‘काहून मॅम?’ विचारते म्हणे. एवढ्या वर्षांत मला त्या पोरीच्या तोंडात जेवढं मराठी घालता आलं नाही, तेवढं तू इथल्या मुक्कामात तीन आठवड्यांत घातलंस. इब्राच्या बायकांच्या बाजारातून तू घेतलेली खजुराच्या पानांची टोपली मात्र इथेच राहिली. त्या म्हाताऱ्या ओमानी बाईशी तू वऱ्हाडीत घासाघीस करत होतीस आणि ती अरबीत, आणि शेवटी दोघी एकदमच ‘खलास’ म्हणालात, ते आठवून मी आणि तेजश्री अजून हसतो. टोपली कोणी नागपूरकडे निघालं की पाठवते. तू अशी घाईने निघालीस की काहीच नीट बांधता आलं नाही.

तब्येत कशी आहे? चक्कर पुन्हा आली नाही ना? पाणी पीत जा.

आता कामाचं. तू सांगितलेल्या आपल्या विभागाच्या इतिहासाची सगळी प्रकरणं माझ्याकडे टाइप होऊन तयार आहेत. बाल्कनीत बसून तू सांगायचीस आणि मी टाइप करायचे, त्यातलं काही म्हणजे काही गाळलेलं नाही. मिशनरी ओलसनसाहेबांची बैलांची दमणी नाल्यात उलटली ते, दुष्काळातलं बोर्डिंग, विभागाच्या मुख्याला स्वीडिश रिवाजाने ‘प्रोस्त’ म्हणायचे आणि पहिले मराठी प्रोस्त झाले तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवत नव्हतं ते, सगळं आहे. शेवटी विभाग मोडून शेजारच्या विभागात घातला तो एका पानाचा ठराव, आणि ऑफिसवरची ‘लुथरन मंडळी, जांबखोरे विभाग’ ही पाटी तू सचिव या नात्याने घरी आणून त्यावर पापड वाळवतेस, तेही आहे. मी म्हटलं, हे कशाला? तर तू म्हणालीस, ‘सागवानी हाये, वाया काहून घालवू?’ तसंच ठेवलंय.

शेवटचं प्रकरण, ‘आपली माणसं आज कुठे’, त्यासाठी बाहेर गेलेल्या प्रत्येक घराकडून तू एकेक पान मागितलं होतंस. माझं राहिलं होतं म्हणून तू प्रसादकडून दोनदा आठवण केलीस. हे घे:

‘वाकोडी मंडळीच्या रेखाताई पती व कन्येसह ओमानमध्ये मस्कत येथे राहतात. परदेशी असूनही त्या विभागाच्या चालीरीती जपून आहेत. रुवी येथील उपासनेस त्या जातात व विभागाची मोठी प्रार्थना त्यांच्या घरी होते.’

पुरे ना एवढं? जास्त लिहिलं तर बढाई वाटेल.

एक सुचवू का? रागावू नकोस. पहिल्या प्रकरणात पणजोबांच्या पंगतीचा प्रसंग आहे, तो जरा आटोपता घेतला तर? आजच्या वाचकाला ते सगळं वाचून कसंसंच होईल. ‘त्यांना सुरुवातीला विरोध झाला’ एवढ्यात भागतं. तू पाहा विचार करून. पुस्तक ईस्टरला निघायचं आहे, म्हणजे अजून वेळ आहे.

प्रसाद, आत्याला सांभाळ.

तुमची,
रेखा


अझैबा, मस्कत
२२ मार्च २०२५

आत्या,

सलाम. प्रसाद, आज नीट बैठक मारून बस आणि सावकाश वाच. मध्ये थांबायचं नाही. आत्याने ‘पुरे’ म्हटलं तरी थांबायचं नाही, तिने कागद ओढला तरी सोडायचा नाही.

काल प्रसादचा फोन आला होता. बिचारा मला धीर द्यायला म्हणून बोलत होता. ‘ताई, काळजी करू नको, आत्यासाठी रविवारी वाकोडीत प्रार्थना झाली, पिंपळझरीत झाली, चिखलमाळच्या बायकांनी उपास धरला. तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलं, त्याने चक्करेच्या गोळ्या दिल्या, त्या घेते दोन्ही वेळा. गोळीनं सुस्ती येते तिला, बसल्या बसल्या डोळा लागतो.’ मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात तशीच खाली बसले.

गोळ्या घेतेस? आत्या, तू गोळ्या घेतेस?

तुला चक्कर आलेली नव्हती. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मला ते माहीत आहे हे तुला ठाऊकच नाही असं तू दाखवतेस, हेही मला माहीत आहे. मागच्या पत्रात मी निलाजऱ्यासारखं पुन्हा विचारलं, चक्कर आली नाही ना म्हणून. प्रसादच्या कानांसाठी लिहिलं होतं ते. आता प्रसादच्याच कानांसाठी खरं काय ते लिहिते.

प्रसाद, रमजान लागायच्या आदल्या शुक्रवारी इथल्या मराठी मंडळींनी मराठी भाषा दिनाची पंगत ठेवली होती. माझी मैत्रीण सावनी, तिच्या घरी. खाली बसून, केळीच्या पानावर, वरणभात, अळूची भाजी, जिलबी. मी आत्याला घेऊन गेले. घेऊन जायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण तेजश्रीने हट्ट धरला. जाताना गाडीत मी आत्याला म्हटलं, ‘तिथे तुझं इतिहासाचं काही काढू नकोस हं, लोकांना कंटाळा येतो.’ आत्या म्हणाली, ‘बरं.’ लिफ्टमध्ये मी तिच्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिने तो पदराआड सारला.

कारण इथे कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे मला वाटत होतं की माहीत नाही. मस्कतला नवीन आले तेव्हा हळदीकुंकवाला कोणीतरी विचारलं, तुमचं माहेर कुठलं? मी म्हटलं, नागपूरकडचं. ते काही खोटं नव्हतं. मग कोणी विचारलं, तुमच्याकडे गौरी कशा बसवतात? तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, ‘आमच्याकडे साध्याच असतात.’ झालं! एकदा साध्या गौरी बसवल्यावर पुढे काय काय बसवावं लागलं, ते सांगत बसले तर कागद पुरणार नाही. रविकांतने कधी लपव म्हटलं नाही. उलट तो म्हणायचा, ‘अगं, सांगून टाक ना, कोण खातंय तुला?’ आणि मी त्याच्यावरच डाफरायचे. त्याच्या हिंदू आडनावाखाली मी आयती झाकली गेले होते, आणि मला ते बरं वाटत होतं. मिशन कंपाउंड, बोर्डिंग, दुष्काळात बाटलेली माणसं, आणि त्याच्याही आधीची गावकुसाबाहेरची वस्ती, यातलं काही माझ्या अंगाला चिकटू नये, असं मला वाटायचं. वाटायचं हे खरं आहे.

ख्रिसमसला मी रुवीला ‘खरेदीला’ जायचे. उपासना उरकून येताना खरंच दोन पिशव्या घेऊन यायचे, हाती काही दिसायला हवं म्हणून.

तर पंगत. पानं वाढून झाली, सगळ्यांनी हात जोडून श्लोक म्हटला, संपला, आणि लोक जेवायला लागले. आत्याचे डोळे मिटलेलेच. ओठ हलताहेत. मला पुढचं सगळं कळलं, कारण मी वाकोडीची आहे. एकत्रित विभागाने आता छापील छोटी प्रार्थना दिलेली आहे, दोन ओळीत आटपते. पण आत्या अजून मोठी प्रार्थना म्हणते. वाकोडी, पिंपळझरी, चिखलमाळ, बेलपठार, रायझरी, उंबरखोरी, एकेका मंडळीचं नाव घ्यायचं आणि तिथल्या घरांत आज अन्न असो म्हणायचं, सगळी नावं झाल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. ठराव करून विभाग मोडला, तरी तिच्या पानावर तो रोज दोनदा भरतो. लहानपणी या प्रार्थनेपायी माझा भात रोज गार व्हायचा आणि मी रायझरीच्या लोकांवर चिडायचे.

समोरच्या पंगतीतले वळून बघायला लागले. सावनी हातात तुपाची वाटी घेऊन उभी होती, तिने विचारलं, ‘रेखा, आत्या जेवत का नाहीत? बरं नाही का त्यांना?’

मी म्हटलं, ‘त्यांना चक्कर येते अधूनमधून.’

अशी जीभ वळली माझी! एक क्षण विचार केला नाही. आणि नुसतं म्हणून थांबले नाही, खोटं खरं वाटावं म्हणून आत्याचा खांदा धरून हलवला. ‘आत्या, आत्या, काय होतंय?’ असं ओरडले. तिची चिखलमाळपर्यंत नावं झाली असतील. आत्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे पाहिलं. सावनीची वाटी, लोकांचे थांबलेले घास, माझा चेहरा, सगळं तिला एका नजरेत समजलं. वर्गातली पोरं का गप्प झाली हे फळ्याकडे तोंड असताना ओळखणारी बाई ती, तिला काय कठीण!

आत्या, तू कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, ‘हो, जरा गरगरल्यासारखं झालं.’

‘गरगरल्यासारखं’ म्हणालीस, ‘गरगरल्यावानी’ नाही. माझ्या भाषेत बोललीस, इथल्या लोकांना शोभेल अशी. आयुष्यात तुझ्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं, आणि तेही इतकं शुद्ध.

मग जो गोंधळ झाला! सावनीचा नवरा चिन्मय डॉक्टर, तो हात धुऊन मशीन घेऊन आला. तुला सोफ्यावर झोपवलं. कोणी पाय चेपतंय, कोणी लिंबूपाणी आणतंय. तू डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहिलीस. एवढ्या सगळ्यात तू डोळे मिटले नाहीस, हे माझ्या लक्षात आलं. मिटले असते तर मला त्रास झाला असता ना. चिन्मयने बीपी पाहिलं, म्हणाला, ‘जरा लो आहे, आराम करू दे.’ मला सुटल्यासारखं वाटलं. देवा, मला खरंच सुटल्यासारखं वाटलं! तुझं पान तसंच पडून होतं, भातावरचं तूप थिजलं होतं, आणि मी जिलबी खाल्ली.

घरी येताना गाडीत मी वाट बघत होते की तू आता बोलशील, झापशील. आईच्या मागे तूच मला वाढवलंस, तुला तेवढा हक्क आहे. तू म्हणालीस, ‘कायचं काय झालं बाप्पा, मले खरंच गरगरलं. ऊन लागलं वाटते.’ म्हणजे तू माझं खोटं ओळखलंयस हे मला कळू नये, एवढी सुद्धा लाज तू माझी राखलीस. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘हो ना, इथलं ऊनच वाईट.’ फेब्रुवारीत!

मागच्या सीटवरून तेजश्री म्हणाली, ‘मम्मा, बट आत्याआजी ओके होती. ती प्रे करत होती.’ मी तिला म्हटलं, गप्प बस. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, लेंटचे उपासाचे दिवस लागताहेत, घरच्या मंडळीत असलेलं बरं, तिकीट बदलून दे. रविकांतने माझ्याकडे पाहिलं. मी दिलं बदलून.

आता पणजोबांचं. प्रसाद, तुला ती गोष्ट पाठ आहे, तरी मला ती स्वतः लिहायची आहे, कारण मी ती आटोपती घ्या म्हटलं होतं. पणजोबांचा बाप्तिस्मा गुपचूप झाला होता. ओलसनसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं, की एवढ्यात कोणाला सांगितलं नाहीस तरी चालेल, देवाला माहीत आहे. भाचीच्या लग्नात आपल्याच भाऊबंदांच्या पंगतीत ते बसले, पान वाढलं गेलं, आणि त्यांनी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली. कोणी विचारलं नव्हतं, कोणी ओळखलंही नसतं. सख्ख्या बहिणीसकट सगळी पंगत उठली. पणजोबा एकटेच राहिले आणि पोटभर जेवले, मागून वाढून घेऊन जेवले, असं आपल्याकडे हसत हसत सांगतात. पुढच्या वर्षी त्या उठलेल्यांतलेच दोघे त्यांच्याकडे विचारायला आले, की तू तेव्हा काय म्हणत होतास? त्या दोघांची गावं पिंपळझरी आणि चिखलमाळ. मग प्रार्थनेत एकेक नाव वाढत गेलं, आणि त्या नावांचा पुढे विभाग झाला. आख्ख्या गावाने त्यांना ‘डोळेमिटे’ म्हणून हिणवलं, तेही छाप.

आत्या, त्या माणसाचं सगळं जायचं होतं. पाणी, सोयरीक, भाऊबंद, सगळं. माझं काय जाणार होतं? हळदीकुंकवाचं एक बोलावणं! तेही गेलं नसतं, हे मला परवा कळलं. ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही, म्हणून तेही सांगते.

परवा, प्रसादच्या फोनच्या आदल्या दिवशी, मी सावनीकडे गेले होते. ती सारखी विचारत होती, आत्या कशा आहेत, आत्या कशा आहेत. मला ते सहन होईना. म्हटलं एकीला तरी सांगू. बसले आणि सांगितलं, की मी ख्रिस्ती आहे, आत्या प्रार्थना करत होती, तिला काही झालेलं नव्हतं. मला वाटलं, सावनी चकित होईल, नाहीतर जवळ घेईल. तिने चहाचा कप खाली ठेवला.

‘रेखा, आम्हाला माहीत आहे,’ म्हणाली. ‘तेजश्री तिसरीत होती तेव्हा तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. आपल्या आजोळच्या चर्चचं चित्र काढलं होतं तिने. माझ्या मुलीने घरी येऊन सांगितलं. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत आहे.’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत कधी?’

‘तुलाच नको होतं ना! तू गौरींचं सांगायला लागलीस की आम्ही माना डोलवायचो. ख्रिसमसला तुला केक पाठवायचा की नाही, यावर दरवर्षी आमची चर्चा व्हायची. पाठवला तर तू कानकोंडी होशील, म्हणून नाही पाठवला.’

मी विचारलं, ‘आणि त्या दिवशी?’

‘त्या दिवशी मला खरंच कळलं नाही म्हणून मी विचारलं. तू चक्कर म्हणालीस तेव्हा कळलं. तोवर तू ओरडायला लागली होतीस. चिन्मय म्हणाला, त्यांचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण रेखाचा चेहरा बघवेना म्हणून लो सांगितलं. त्या बाईंना आम्ही सगळ्यांनी मिळून आजारी पाडलं, तुझ्यासाठी.’ मग ती म्हणाली, ‘पण आम्हाला तू काय समजलीस गं? की आम्ही त्यांना पानावरून उठवलं असतं?’

 सावनीला राग आला होता, आणि तिचं चूक नव्हतं. दारापर्यंत सोडायला आली, पण नेहमीसारखं ‘पुन्हा ये’ म्हणाली नाही. काल मेसेज केला, अजून उत्तर नाही. बघू. तो माझा माझा निस्तरायचा भाग आहे.

म्हणजे त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कोणीच फसलं नव्हतं. इतकी माणसं तुझ्याभोवती धावपळ करत होती, ती सगळी माझ्यासाठी नाटक करत होती, आणि त्यात सगळ्यांत जास्त किंमत मोजली तू. आता ते नाटक वाकोडीपर्यंत आलंय. चिखलमाळच्या बायका उपाशी राहताहेत. त्या म्हाताऱ्या बायका, शेतात राबणाऱ्या, त्या माझ्या खोट्यापायी दुपारचं जेवत नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

तेव्हा आता मी सांगते तसं करायचं.

पहिलं, त्या गोळ्या आजपासून बंद. प्रसाद, पाकीट उचल आणि टाकून दे. आत्याची तब्येत ठणठणीत आहे, नाहीतर इब्राच्या उन्हात तिने ती टोपली मिळवली नसती.

दुसरं, मागच्या पत्रातलं माझं पान फाडून टाक. त्यातलं एक अक्षर खरं नाही. माझ्या घरात मोठी प्रार्थना कधी झालेली नाही. तू होतीस तेवढे दिवस झाली, तीही तू म्हणायचीस आणि मी मोबाईल बघायचे. शेवटच्या प्रकरणात माझ्या नावापुढे हे पत्र घाल. तू म्हणशील, ‘कायले आपली अब्रू चव्हाट्यावर मांडतं पोरी.’ आत्या, इतिहास तूच लिहायला घेतलास ना? दमणी नाल्यात उलटली ते लिहिलंस, प्रोस्तांना खुर्चीवर बसवेना ते लिहिलंस. मग हेही त्यातच बसतं. पणजोबांच्या प्रकरणातला शब्दही हलवायचा नाही.

तिसरं सगळ्यांत कठीण, आणि म्हणून ते प्रसादला सांगते, तुला नाही. प्रसाद, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी जुन्या विभागातल्या सगळ्या मंडळ्या वाकोडीत जमतात. हे पत्र पाळकसाहेबांकडे दे. उपासनेच्या शेवटी सूचना वाचतात, तेव्हा हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं. त्यांनी टाळलं तर तू उठून वाच. आत्या रडेल, तिच्याकडे बघू नकोस. चिखलमाळच्या बायकांना माझ्या नावाने हात जोड आणि सांग, उपास सोडा.

आणि त्यांना हेही सांग, की आजारी आत्या नव्हती, मी होते. प्रार्थना बंद करू नका, फक्त नाव बदला.

तुझ्या भावाची मुलगी, अजून वाकोडी मंडळीची म्हणवून घ्यायची छाती होत नाही तरी म्हणवून घेणारी,
रेखा